बर्फाच्या दिवशी चूल बंद

१२ मार्च, मंगळवार

आज थोरल्या भाऊजींनी मला कामावरून काढलं. घरच्या माणसाला ‘काढलं’ म्हणत नाहीत, असं ह्यांचं म्हणणं. मग काय म्हणतात ते तरी सांगा म्हटलं, तर गप्प. भावापुढे गप्प आणि बायकोपुढेही गप्प, असा नवरा मिळायला नशीब लागतं.

ईश्वरप्पा भाऊजी दर उन्हाळ्यात सोलापुरातून कुलू-मनालीच्या सहली नेतात. त्यांची जाहिरात आमच्या बाळीवेशीत कुणालाही तोंडपाठ येते: ‘डोंगर हिमाचलचा, जेवण घरचं.’ डोंगर हिमाचलचा होता हे खरं. घर म्हणजे मी. हॉटेलच्या मागे, भांडी घासायच्या मोरीशेजारी दोन शेगड्या मांडून मी चौदा उन्हाळे भाकरी थापली, पिठलं हाटलं. मंडळी सकाळी माझे पराठे बांधून बर्फ बघायला वर जायची आणि संध्याकाळी वखवखून परत यायची. मी बर्फ पाहिला तो त्यांच्या मोज्यांत. ओले मोजे सगळे माझ्याच शेगडीभोवती वाळत घालायचे.

आता भाऊजी म्हणतात, लोक बदलले, सगळ्यांना बुफे पाहिजे, जेवण हॉटेलवालाच देईल. “तू आता आराम कर, राजेश्वरी.” मी म्हटलं, करते आराम, पण यंदा मला प्रवासी म्हणून न्या, एकदा बर्फ बघू दे. सगळे हसले. जाऊबाई तर तोंडाला पदर लावून हसल्या. भाऊजी म्हणाले, “तुला थंडी बाधते. अन् तो चढ सोसणार हाय का तुला? तू खालीच बरी.”

मला थंडी बाधते हे मला आज कळलं.

१४ मार्च, गुरुवार

ठरलं. सहल मीच काढणार. फक्त बायकांची. मे महिन्यात, मनाली.

ह्यांना सांगितलं तेव्हा ते दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, “अण्णाला काय सांगू?” अण्णा म्हणजे थोरले भाऊजी.

“सांगा, बायको ऐकत न्हाई.”

“ते त्याला म्हाईत हाय,” म्हणाले आणि गालाला साबण लावत राहिले. एवढीच आमची चर्चा. हे भाऊजींच्याच ऑफिसात तिकिटांचं काम बघतात, तेव्हा त्यांच्याकडून कसलीही आशा नाही. नवरा तिकडचा, बायको इकडची.

दुपारी कमरबीकडे गेले. ती आमच्या मागच्या गल्लीत ब्लाऊज शिवते, दोघींचं बोलणंचालणं लग्न होऊन आल्यापासूनचं. माझं ऐकून तिनं मशीन थांबवलं. “मेरा नाव पयला लिख,” म्हणाली. मी म्हटलं, जेवण शाकाहारी असणार बघ, आमच्या बायका दुसरं चालवून घ्यायच्या नाहीत. “आठ दिन गोश नै खायी तो मरती नै मैं. बरफ देखे बगैर मरी तो बोल.”

पहिलं नाव झालं. आता भाऊजी हसू देत नाहीतर रडू देत.

२३ मार्च, शनिवार

माझी जाहिरात अशी: ‘मनाली सहल, फक्त महिलांसाठी. जेवण घरचं. बर्फाच्या दिवशी चूल बंद.’

शेवटची ओळ कमरबीला कळली नाही, छापणाऱ्यालाही कळली नाही. मी समजावून सांगितलं. बाकी सगळे दिवस ताजा स्वयंपाक. पण ज्या दिवशी मंडळी वर जातील त्या दिवशी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही. कडक भाकरी महिनाभर टिकते, तिला चूल लागत नाही आणि चूल नाही म्हणजे स्वयंपाकीण मोकळी. चौदा वर्षांत हे डोक्यात का आलं नाही कुणास ठाऊक. डोकं शेगडीत घालून बसल्यावर काय येणार.

सुंदरम्मा टीचर आल्या होत्या नाव द्यायला. निवृत्त मुख्याध्यापिका, अजूनही समोरच्याला बाकावर उभं करतील अशा. म्हणाल्या, “राजेश्वरीबाई, मला एकच हमी हवी. आठ दिवस मी लाटणं पाहणार नाही आणि मिळमिळीत हॉटेलचं खाणार नाही.” दिली हमी.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. होटगीहून चंद्रव्वा आली. ह्यांच्या मावसभावाची विधवा बायको, लग्नाकार्यात भाकऱ्या करायला आम्ही तिलाच बोलावतो. सहलीला हाताखाली ये म्हटलं, तर लगेच हो म्हणाली. काय देणार, कुठं झोपायचं, काही विचारलं नाही. अशी माणसं आता मिळत नाहीत.

तिनं एवढंच विचारलं, “अक्का, बर्फाच्या दिवशी खरंच चूल बंद व्हय?”

“अगं छापलंय की तसं.”

लई खूश झाली. कामाचा एक दिवस कमी म्हटल्यावर कोण खूश होणार नाही.

२० एप्रिल, शनिवार

बोंबला. मनालीच्या हॉटेलवाल्याचा फोन आला. मागचं स्वयंपाकघर मला देता येणार नाही म्हणाला. ईश्वरप्पाजी आमचे जुने गिऱ्हाईक, त्यांना वाईट वाटेल, तुम्ही बुफे घ्या. चौदा वर्षं ज्याला मी पहिली गरम भाकरी तव्यावरून उतरवून दिली, तो माणूस मला बुफे घ्या म्हणतो!

भाऊजींच्या घरी गेले. ते पंख्याखाली कलिंगड खात होते. म्हणाले, “सहल काढणं म्हणजे भाकरी थापणं न्हाई, राजेश्वरी. लोकांचे पैसे परत कर. घराण्याचं नाव हाय गावात.” मी म्हटलं, नाव तुमचं, हात माझे होते. मग जाऊबाईंनी मला चहा विचारला, म्हणजे आता जा. चहा घेतला. दोन कप घेतला आणि मगच उठले.

घरी येऊन रडले. खोटं कशाला लिहू.

२२ एप्रिल, सोमवार

काम झालं! हॉटेलच्या पुढच्या दारानं मला ओळख दाखवली नाही, पण मागच्या दारानं दाखवली. विमला नावाची एक बाई रोज सकाळी तिथं दूध घालायची. मी तिला शेंगाची चटणी द्यायची, ती मला सफरचंदाचा मुरंबा. तिचा नंबर होता. फोन केला तर म्हणाली, गावाच्या वर माझं लाकडी घर आहे, खोल्या पाहुण्यांना देते, रसोई मोठी आहे, सगळ्यांना घेऊन ये. लिफ्ट नाही, टीव्ही नाही, चढ आहे. मी म्हटलं चालेल. बायकांना विचारायच्या आधीच चालेल म्हटलं.

सुंदरम्मांना घाबरत सांगितलं. त्या म्हणाल्या, “टीव्ही नाही? उत्तम.”

३ मे, शुक्रवार

ह्यांनी जेवताना एक पाकीट ताटाशेजारी ठेवलं. सगळ्या बायकांची दिल्लीची तिकिटं, जातायेताची, पक्की. वेटिंगवर होती, कशी पक्की झाली म्हटलं, तर म्हणाले, “झाली.” भाऊजींना कळलं तर? “कळंल.” आणि आमटी वाढ म्हणाले. या माणसाच्या मनात काय चालतं हे मला पंचवीस वर्षांत उमगलेलं नाही. बहुतेक काहीच चालत नसावं.

१३ मे, सोमवार

कडक भाकऱ्यांचा ढीग. ऊन असं आहे की गच्चीवर तवा नसता तरी भाजल्या असत्या. चंद्रव्वा सकाळपासून थापतेय, मी भाजतेय. तिच्या भाकऱ्या कागदासारख्या पातळ, नावं ठेवायला जागा नाही. थापता थापता तिचे प्रश्न चालू. बर्फ पायाखाली वाजतो का, तोंडात घातला तर गोड लागतो का, तितं कोट भाड्यानं मिळतो म्हणं ते खरं का. मी म्हटलं, तुला कोट कशाला, रसोईत शेगडीची ऊब असते. ती गप्प झाली. दमली असेल.

संध्याकाळी बाजारात जाऊन तिनं स्वतःच्या पैशानं कॅनव्हासचे बूट आणले, पांढरे. साडीखाली घालून घरभर चालून पाहिले. विमलाच्या घरात लाकडी फरशी गार पडत असेल याचा विचार तिनं आधीच केला. हुशार आहे.

१८ मे, शनिवार

निघालो. चौदा बायका आणि आम्ही दोघी. स्टेशनवर हे आले होते. सगळ्यांचं सामान चढवलं, डब्यात येऊन माझ्या सीटखाली पाण्याच्या बाटल्या लावल्या. गाडी हलल्यावर खिडकीशी चालत चालत म्हणाले, “बर्फाचा फोटो पाठव.” एवढं मोठं वाक्य भर स्टेशनात! कमरबीनं दिवसभर चिडवलं.

२० मे, सोमवार, मनाली

पोचलो. चढ बघून सोजरबाई करकंबकर रस्त्यातच बसल्या आणि मला परत उसाच्या फडात नेऊन सोडा म्हणाल्या. दोघींनी हात धरून वर आणलं. वर आल्यावर विमलाच्या सज्ज्यातून समोरचा डोंगर दिसला आणि त्याच सगळ्यात आधी खुर्ची धरून बसल्या. आता उठायला तयार नाहीत.

किती वर्षं इथं येतेय, पण हा डोंगर मी असा समोरून पाहिला नव्हता. माझ्या मोरीच्या खिडकीतून हॉटेलचा जनरेटर दिसायचा.

दुपारी पिठलं-भात, मिरचीचा ठेचा. बायकांनी बोटं चाटली. चंद्रव्वा वाढत होती. पाऊस सुरू झाला आहे.

२२ मे, बुधवार

दोन दिवस पाऊस. हिडिंबेचं देऊळ, देवदाराचं बन, माल रोड, सगळं छत्रीखाली. तरी बायका खूश. कमरबीनं शाल घेताना दुकानदाराला असं पिळलं की शेवटी त्यानंच तिला चहा पाजला. सुंदरम्मा देवळाच्या लाकडी कोरीवकामापुढे तासभर उभ्या राहिल्या, त्यांचे वडील विणकर होते, म्हणाल्या हे लाकडावरचं विणकामच आहे.

उद्या रोहतांग. परवाना मिळाला, गाडी ठरली, ड्रायव्हर म्हणाला आकाश उघडणार.

आणि आज दुपारी भाकऱ्यांची गाठोडी सोडली. सोलापुरात ठेवतो तशीच सुती फडक्यात बांधून भिंतीच्या खुंटीला अडकवली होती. आमच्याकडे हवाच अशी की पापड उघडा टाकला तरी मऊ पडत नाही. इथल्या ओलीनं भाकऱ्या कातड्यासारख्या झाल्या होत्या, आणि आतल्या थरात बुरशी, हिरवी, मखमलीसारखी. वरच्या थोड्या तव्यावर परतून पाहिल्या, वास गेला नाही. सगळ्या विमलाच्या गाईपुढे टाकल्या. गाईनंही हुंगून तोंड फिरवलं.

जन्म सोलापुरात गेला आणि कडक भाकरी मऊ पडू शकते हे माझ्या ध्यानात आलं नाही. भाऊजींना कळलं तर वर्षभर पुरेल एवढं हसू आहे.

आता उद्या कुणीतरी मागे राहून स्वयंपाक केला पाहिजे. मंडळी संध्याकाळी उपाशी येणार. चंद्रव्वाला सांगितलं, तू रहा. भात, आमटी, पोळ्या, वांग्याची भाजी, एवढंच कर. नाहीतरी तिला बर्फाचं काय कौतुक, आणि तिचे गुडघेही दुखतात, काल जिना उतरताना धरून उतरली. ती भांडी घासत होती. काही बोलली नाही. मला बरं वाटलं, नाहीतर एखादीनं तोंड वाकडं केलं असतं.

२३ मे, गुरुवार

कुठून सुरुवात करू.

पहाटे उठून सगळ्यांचा चहा केला, पोहे केले. चंद्रव्वा दिसेना. न्हाणीघरात असेल म्हटलं. बायकांना घेऊन खाली गाडीशी गेले, तर ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर, जी मी माझ्यासाठी ठेवली होती, तिथं चंद्रव्वा बसलेली. पायात पांढरे बूट. मांडीवर पिशवी. विमलाकडून कुठलासा पुरुषी कोट मागून घेतलेला, बाह्या हाताच्या बाहेर लोंबत होत्या.

“चंद्रव्वा, उतर.”

“न्हाय.”

“अगं भाकऱ्या खराब झाल्या, सांगितलं न्हाई का? मागं कुणी राहायचं?”

“मला म्हाईत न्हाय. तुमी छापलं, चूल बंद. म्या त्यासाठी आले.”

मी म्हटलं, तू कामाला आली आहेस. चौदा बायका ऐकत होत्या, तरी म्हटलं. रागानं माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तुझे गुडघे दुखतात, वर थंडी असते, तुला बाधेल.

तेव्हा ती माझ्याकडे वळली. ओरडली नाही. म्हणाली, “अक्का, माझी थंडी मी बघती. चुलीपुढंच बसायचं तर होटगी काय वाईट हुती?”

 ड्रायव्हर आरसा पुसायला लागला. कमरबी माझ्याकडे बघत होती, बघतच होती, तिची ती नजर मला आवडली नाही. मी म्हटलं काय बघतेस. ती म्हणाली, “कुछ नै. तेरे भाऊजी की आवाज आयी जैसे लगी.”

मी गाडीचं दार इतक्या जोरात लावलं की काच थरथरली. आतून लावलं. मागच्या सीटवर सोजरबाईंच्या पिशव्यांमध्ये जाऊन बसले आणि ड्रायव्हरला म्हटलं, चला. रात्रीच्या जेवणाचं काय, हे सुंदरम्मांनी विचारलं. “मला काय माहीत,” म्हटलं. मुख्याध्यापिकेला असं उत्तर आयुष्यात कुणी दिलं नसेल.

बर्फाचं काय लिहू? अर्धा रस्ता मी रुसून खिडकीला डोकं लावून बसले होते. मग एका वळणावर सगळ्या एकदम ओरडल्या आणि माझा रुसवा कुठं गेला ते कळलं नाही. पांढरं म्हणजे किती पांढरं. पायाखाली वाजतो, खरंच वाजतो, मीठ तुडवल्यासारखा. पायात चपलाच आहेत हे विसरून मी गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी उचलला, पीठ उचलतात तसा. चौदा वर्षं माझ्या शेगडीभोवती वाळत होता तो हा. मी रडले, मोठ्यानं रडले, आणि कुणी हसलं नाही. हसलं असतं तरी चाललं असतं.

चंद्रव्वानं बर्फ तोंडात घातला. “गोड न्हाय,” म्हणाली. परत घातला. मग कोटाच्या बाह्या मागे सारून ती एकटीच पुढे पुढे चालत गेली, चढावर, गुडघे दुखणारी बाई, मागे वळूनही न बघता. मी हाका मारल्या. तिनं हात वर केला आणि चालत राहिली. तिला खाली आणायला ड्रायव्हरला पाठवावं लागलं, आणि तो येईपर्यंत मीही वर पोचले होते. तिथं आम्ही दोघी उभ्या राहिलो.  मी अजून रागात होते, असं मला वाटतं.

खाली उतरताना सगळ्यांच्या पोटात कावळे. एका वळणावर टपरीवजा ढाबा होता. मालक पुरुष, स्वयंपाकी पुरुष, वाढणाराही पुरुष. त्याच्याकडे सिड्डू होते, गव्हाच्या पिठाचे वाफवलेले जाड उंडे, आत अक्रोड-खसखस, वर तूप. आणि राजमा-भात. सुंदरम्मांनी चष्मा पुसून ताटाकडे बघितलं. म्हणाल्या, “राजेश्वरीबाई, हमी दिली होती तुम्ही. घरचं जेवण.”

मी म्हटलं, “टीचर, घरातली बाईसुद्धा एखाद्या दिवशी बाहेर जाते. त्या दिवशी घर उपाशी मरत न्हाई. आज दोघी बाहेर गेलो होतो. पैसे कापून घ्या.”

त्यांनी पिशवीतली शेंगाची चटणी काढून सिड्डूवर घातली, एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि त्या पुरुषाला मराठीतून म्हणाल्या, “अजून दोन आण.” त्यानं आणले.

तेवढ्यात भाऊजींचा फोन. कुणाच्या तरी सुनेनं सोलापुरात बातमी पोचवली होती की सहलीत आज स्वयंपाक नाही. मनालीत बुरशी आली की बाळीवेशीत वास जातो. भाऊजी ओरडत होते, नाव बुडवलंस, मी सांगितलं होतं, आत्ताच्या आत्ता चूल पेटव. मी काही बोलायच्या आत सुंदरम्मांनी माझ्या हातातून फोन घेतला. “ईश्वरप्पा, तू तिसरीत होतास तेव्हापासून तुला सांगते आहे, दुसरं कुणी बोलत असताना मध्ये ओरडू नये. आम्ही जेवतो आहोत.” आणि फोन बंद केला. त्या भाऊजींच्या शिक्षिका होत्या हे मला माहीत नव्हतं. कमरबी हसता हसता बाकावरून घसरली.

ह्यांना फोटो पाठवला. माझा आणि चंद्रव्वाचा, तिच्या बाह्या लोंबताहेत तो. त्यांचं उत्तर आलं: “दोघीपण छान.” पुढे लिहिलं होतं, अण्णाकडचं काम सोडलं, आल्यावर बोलू. मी ते तीनदा वाचलं. बोलू म्हणतो, हा माणूस!

२४ मे, शुक्रवार

सवयीनं लवकर जाग आली. चंद्रव्वा शेजारच्या गादीवर झोपली होती, तोंड उघडं टाकून, अंगावर तोच कोट. रोज ती माझ्याआधी उठते. मी तिला हाक मारायला वाकले आणि नाही मारली. दार ओढून घेतलं आणि रसोईत आले.

उपीट केलं. एकटीनं एवढ्या माणसांचं करायला वेळ लागला, नाश्ता उशिरा झाला. झाला तर झाला. सोजरबाईंनी दोनदा येऊन डोकावलं, त्यांच्या हातात मी बशा दिल्या. त्या वाढायला लागल्या. लाटणं नव्हतं, तेव्हा हमी मोडली नाही.

सुंदरम्मा खाता खाता म्हणाल्या, “चंद्रव्वा कुठे दिसत नाही? उठवा तिला, इतका उशीर?”

“झोपू द्या टीचर,” मी म्हटलं, “ती फिरायला आलीय.”